सकाळचे पाय, संध्याकाळचे पाय

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही सकाळी उठलात, अंथरुणातून उडी मारलीत आणि धावत नळावर तोंड धुवायला गेलात. पाय तुमचे आहेत, तुम्ही म्हणाल तिकडे जातात. दुपारी शाळेत ते जरा हट्टीपणा करायला लागतात. उजवं पाऊल आपोआप आत वळतं, टाच जमिनीला टेकत नाही. दिवस कलला की ते दुसऱ्याच कुणाचे तरी होतात. तुम्ही म्हणता सरळ, ते जातात वाकडे. तुम्ही म्हणता पुढे, आणि तुम्ही तोंडावर पडता.

आता आणखी थोडी कल्पना करा. ही गोष्ट तुम्ही मोठ्या माणसांना सांगता आणि ती कुणालाच खरी वाटत नाही. कारण मोठी माणसं जेव्हा नीट लक्ष देऊन बघतात, तेव्हा नेमकी सकाळ असते.

उघडा डोळे. तुम्ही एवढा वेळ जी कल्पना केलीत, तीत यशोधरा रोज राहत होती.

बीड जिल्ह्यात चकलांब्याच्या अलीकडे एक लहान गाव आहे. तिथं ती चौथीत शिकत होती. तिचे वडील जीवन गावच्या टाकीवरून पाणी सोडायचं काम करत, आई अंजली अंगणवाडीत मदतनीस होती, आणि घरात न्यायनिवाडा करायला मुक्ताबाई आजी होती. आजीनं आपला निकाल केव्हाच दिलेला होता.

"सकाळी हरणीवानी पळती, अन् सांच्याला भांडी घास म्हनलं की हिचा पाय वाकडा! आमी काय येडे हाव का?"

"आजी, खरंच वळतंय पाऊल."

"वळतंय तर! कामाच्या उलट्या दिशेला वळतंय."

आजी दुष्ट नव्हती. संध्याकाळी विहारात वंदनेला जाताना यशोधरा तिच्याच खांद्याला धरून चालायची आणि आजी धरू द्यायची. फक्त वाटेत भेटेल त्या प्रत्येकीला सांगायची, "नाटकी हाय, पर काय करता, आपलीच हाय."

सुरुवातीला गेवराईच्या डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून हाडं उत्तम असल्याचं कळवलं. दुसऱ्या एकांनी बूट बदलायला सांगितले. नवे बूट छान होते. संध्याकाळी ते बूट घालून यशोधरा पडायची, एवढाच काय तो फरक.

मग कुणीतरी सांगितलं की मुलांच्या मेंदूच्या आजारांच्या एक मोठ्या डॉक्टर, विजयमाला मॅडम, महिन्यातून एकदा बीडला येतात. फार गर्दी असते, लांबून लांबून लोक येतात, आणि सगळ्यांना बघून होत नाही. हे ऐकल्यावर जीवन गहिनीनाथ अण्णांकडे गेला.

गहिनीनाथ अण्णा त्या भागाचे पुढारी. माणसाच्या सगळ्या दुःखाचं मूळ नंबर उशिरा लागण्यात आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. दवाखाना असो, तहसील असो की लग्नाची पंगत, आपल्या माणसाला पहिला नंबर मिळवून देणं हे अण्णांच्या राजकारणाचं सार होतं. पुढं काय होतं हे बघायला ते कधी थांबत नसत, कारण तोवर त्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी पहिल्या नंबरासाठी फोन करायचा असे.

"जीवन, तू काळजी करू नकोस," अण्णा म्हणाले. "मी फोन टाकतो. पैला नंबर. तुमच्या गल्लीचं काम म्हंजी माझ्या घरचं काम."

आणि खरंच पहिला नंबर लागला.

पहिल्या नंबरासाठी पहिली बस धरायला हवी. यशोधरेला आईनं झोपेतूनच उचलून बसमध्ये घातलं. गेवराई आली आणि गेली तरी ती आईच्या मांडीवर झोपलेलीच होती. बीडच्या स्टँडवर ती उठली ती टवटवीत होऊन. दवाखान्यात मॅडमनी विचारलं, "काय त्रास आहे?"

"सांच्याला चालता येत न्हाई हिला," अंजली म्हणाली.

"बरं. जरा चालून दाखव, बाळ."

यशोधरा चालली.

"चवड्यांवर? आता टाचांवर? एका पायावर उड्या मार बघू."

यशोधरा वर्गात हुशार होती. कुणी काही करून दाखव म्हटलं की ते उत्तम करून दाखवायचं, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं दोन्ही पायांवर आळीपाळीनं लंगडी घातली आणि वर मॅडमकडे बघून हसली. मॅडमही हसल्या. रबरी हातोडी गुडघ्यावर मारून बघितली, मेंदूचा फोटो काढायला सांगितला. पुढच्या खेपेला तो फोटो आला, आणि तोही यशोधरेसारखाच पहिल्या नंबरानं पास झाला.

त्या दुसऱ्या खेपेला अंजलीनं मोबाईलवर संध्याकाळचा व्हिडिओ काढून नेला होता. मॅडमनी तो मन लावून बघितला. त्यात अंगणातला अर्धवट उजेड होता, भिंतीला धरून उभी असलेली यशोधरा होती, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुक्ताबाईंचा आवाज होता: "घ्या, काढा फोटू! आता तर लईच वाकडं करंल! बघा, बघा कशी सोंगं करती! डाक्टरीनबाईला नीट दिसू द्या हिची कला!"

पायांपेक्षा आवाज स्पष्ट आला होता.

मॅडमनी शेजारच्या खोलीतल्या समुपदेशक ताईंकडे पाठवलं. ताई गोड होत्या. त्यांनी विचारलं, "शाळेत कुणी मारतं का?"

"न्हाई."

"घरी भांडणं होतात?"

यशोधरेनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "होतात. सांच्याला."

"कशावरून?"

"माझ्या पायावरून."

ताईंनी मान डोलावली. थोड्या वेळानं जीवन-अंजलीला समजावून सांगण्यात आलं की पायाला काही नाही, मेंदूला काही नाही. मुलीच्या मनावर ताण आहे आणि तो पायातून बाहेर पडतोय. तिला रागावू नका, पण त्या पायाकडे लक्षही देऊ नका. लक्ष दिलं नाही की आपोआप थांबेल.

डॉक्टरांचा सल्ला सगळ्या घरानं मनापासून पाळला. संध्याकाळ झाली की कुणीच तिच्या पायाकडे बघेना. विहारात जाताना आजीनं खांदा काढून घेतला. "मॅडमनी सांगितलंय," ती म्हणाली, आणि पुढं चालू लागली. यशोधरा भिंतीला धरून, मग कुंपणाला धरून, मग काहीच नव्हतं तिथं जमिनीला धरून गेली.

त्या दिवसांत तिच्या डोक्यात एक वेगळीच भीती शिरली. सगळे म्हणतात आपण नाटक करतो. आजी म्हणते, शाळेतले सर म्हणतात, आता एवढ्या मोठ्या मॅडमही म्हणाल्या. मग आपण खरंच नाटक करत असू, आणि आपल्यालाच ते कळत नसेल तर? एके संध्याकाळी घरात कुणी नसताना ती कपाटाच्या आरशासमोर बसली आणि उजव्या पावलाला दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "बंद कर ना आता. सगळ्यांना कळलंय." पावलाला काहीच कळलेलं नव्हतं. हात सोडताच ते पुन्हा आत वळलं.

"ह्या एका खेपेला जाऊ," जीवन शेवटी म्हणाला. "आता बी काय न्हाई निघालं, तर पुन्हा दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई. पोरीनं मनावर घ्यावं अन् नीट चालावं."

यशोधरेनं मान हलवली. मनावर तर तिनं केव्हाच घेतलं होतं.

या खेपेला मुक्ताबाईही निघाली. नातीचं नाटक शेवटचं बघून घ्यावं आणि मॅडमना दोन गोष्टी स्वतः सांगाव्यात, असा तिचा बेत होता. अण्णांनी नेहमीप्रमाणे फोन टाकला. पण मधल्या महिन्यात एक गोष्ट घडली होती. अण्णांनी पक्ष बदलला होता.

दवाखान्यात नंबर लावायचं काम उत्तरेश्वर नावाचा माणूस करत असे. अण्णा ज्या पक्षातून गेले, त्या पक्षासाठी हा उत्तरेश्वर ऐन उन्हात घरोघर फिरलेला. अण्णांच्या निवडणुकीत त्यानं घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. बसलेला घसा नुकताच सुटला होता, आणि अण्णा पलीकडच्या व्यासपीठावर हार घालून घेत होते.

"गहिनीनाथ अण्णांचा फोन आलता का?" जीवननं खिडकीशी जाऊन विचारलं.

"आलता की." उत्तरेश्वरनं त्याच्याकडे फार प्रेमानं बघितलं. "तुमीच का अण्णांचे मानसं? बसा, बसा. अण्णांच्या मानसाला आमी कसं इसरू?"

ते बसले. पहिला नंबर परळीकडच्या कुणाचा तरी गेला. मग दुसरा गेला. जीवन उठून खिडकीशी गेला.

"आमचा नंबर, भाऊ?"

"तुमचा मनात हाय माझ्या."

जीवननं अण्णांना फोन लावला. अण्णा खवळले. "असं कसं? थांब, मी पुन्हा बोलतो त्याच्याशी!" अण्णा पुन्हा बोलले. उत्तरेश्वरनं फोन कानाला लावून "हो अण्णा, हो अण्णा" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर नंतर आलेल्या एका कुटुंबाला पुढं पाठवलं. दुपारी जीवननं परत फोन केला, अण्णांनी परत केला, आणि ते आणखी मागं गेले. अण्णांची ताकद किती मोठी आहे हे त्या दिवशी दिसलं. त्यांच्या प्रत्येक फोनसरशी अख्खी रांग हलत होती.

"अण्णांना म्हनावं आता फोन करू नका," अंजली हळूच म्हणाली. "न्हाईतर आपल्याला रस्त्यावर बसवतेल."

चटणी-भाकरी बाकावरच खाल्ली. यशोधरेला झोप येईना, कारण समोर सगळ्या प्रकारची मुलं होती आणि ती त्यांच्याकडे बघत होती. ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं, भिंतीवरून छताकडे गेलं. तिला आपलं उजवं पाऊल जड वाटू लागलं. तिनं ते डाव्या पावलाखाली दाबून धरलं.

सगळे गेले. उत्तरेश्वर आत डोकावला. "मॅडम, झालं. एक हायेत, पर त्यांना पुढच्या महिन्यात बोलवतो. तुमच्या गाडीची येळ झाली."

मॅडम पर्स घेऊन बाहेर आल्या. बाकावर चौघं बसलेली बघून थांबल्या. "हे कधीपासून बसलेत?"

"सकाळपासून," मुक्ताबाई म्हणाली. "पैल्या नंबरानं आलो, म्हनून शेवटी हाव."

मॅडम थकल्या होत्या, पण त्यांनी पर्स पुन्हा खाली ठेवली. "या आत."

बाकापासून खोलीच्या दारापर्यंत मोजून काही पावलांचं अंतर होतं. आजी यशोधरेच्या कानाशी वाकली. "हे बघ, डाक्टरीनबाईम्होरं सोंग करू नको. नीट चाल. तुझ्या बापाची इज्जत हाय."

यशोधरा उठली. तिनं दात आवळले. जेवढं म्हणून सरळ चालता येईल तेवढं सरळ चालायचं असं तिनं ठरवलं. उजवी टाच उचलली गेली. पाऊल आत वळलं, अंगठा जमिनीकडे रोखला गेला. तोल सावरायला हात पुढं केला तर तोही मनगटात मुडपला. तिनं भिंतीला धरलं नाही. भिंतीला धरलं तर नाटक वाटेल. तिसऱ्या पावलाला ती गुडघ्यावर आली.

"ऊठ," आजी म्हणाली.

"थांबा!" मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बदलला होता की उत्तरेश्वरही जागच्या जागी थांबला.

यशोधरा घाबरून म्हणाली, "मी करते नीट. थांबा. मी चांगलं चालून दाखवते."

"नको," मॅडम तिच्यासमोर फरशीवर बसल्या. "चांगलं चालून दाखवू नकोस. तुझं चांगलं चालणं मी दोनदा बघितलंय. तेच चुकलं. तुला आत्ता जसं येतंय तसं चाल."

आजवर कुणी तिला असं सांगितलं नव्हतं. यशोधरा चालली. वाकडी, अडखळत, एका हातानं हवेला धरत. मॅडम तिच्यामागून गुडघ्यांवर सरकत पावलाकडे बघत होत्या, साडी फरशीवरून फरफटत होती.

"रोज संध्याकाळी असं होतं?"

"रोज," अंजली म्हणाली.

"आणि दुपारी झोपली तर?"

अंजली गोंधळली. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "रविवारी दुपारी झोपती कवा कवा. तवा सांच्याला जरा बरी ऱ्हाती. मला वाटायचं, शाळा नसती म्हनून."

मॅडमनी गाडीवाल्याला थांबायला सांगितलं. यशोधरेला तपासायच्या पलंगावर झोपवलं, दिवा मालवला. पोर दिवसभराची दमलेली, लगेच झोपली. मॅडम बाहेर येऊन बाकावर, मुक्ताबाईशेजारी बसल्या. मुक्ताबाईनं दोन गोष्टी सांगायच्या ठरवल्या होत्या. त्यातली एकही तिला आठवेना.

थोड्या वेळानं यशोधरेला उठवलं. ती डोळे चोळत उतरली आणि दारापर्यंत चालत आली. टाच टेकत होती. पाऊल बरंचसं सरळ होतं.

"हे नाटक नाही," मॅडम म्हणाल्या. "हा आजार आहे. फार थोड्या मुलांना होतो. नाव लांबलचक आहे, ते नंतर लिहून देते. आपल्या मेंदूत एक द्रव्य तयार होतं, ते हातापायांना हुकूम पोचवतं. हिच्या मेंदूत ते कमी बनतं. रात्री झोपेत थोडं साठतं, दिवसभर वापरलं जातं, आणि संध्याकाळी..."

"टाकी रिकामी," जीवनच्या तोंडून निघालं. "शेवटच्या नळाला पानी न्हाई."

"अगदी तसंच. पाय म्हणजे शेवटचा नळ."

बोलता बोलता जीवनला एक गोष्ट आठवली. गावात टेकाडावरच्या गल्लीतल्या रतनबाईची नेहमी तक्रार असायची, पाणी सुटतं त्या दिवशी उशिरा तिच्या नळाला थेंब येत नाही. जीवन दर वेळी टाकी भरलेली असताना तिकडे जाऊन बघायचा, नळाला धो धो पाणी असायचं, आणि तो तिला म्हणायचा, "कावून खोटं बोलता, मावशी?"

"ह्याला गोळी आहे," मॅडम सांगत होत्या. "अगदी थोडी द्यायची, मी सांगते तशी. रक्ताचा नमुना लांबच्या प्रयोगशाळेत पाठवू, पण त्याच्या आधी गोळीच आपल्याला सांगेल. माझा अंदाज बरोबर असेल तर थोड्याच दिवसांत फरक दिसेल." मग त्या यशोधरेकडे वळल्या. "आणि तू खरं बोलत होतीस. ते मला आधी कळायला हवं होतं."

यशोधरेनं आजीकडे बघितलं. आजी खिडकीबाहेर बघत होती, जणू बाहेर कुणी ओळखीचं दिसत होतं.

गोळीनं सांगितलं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी यशोधरा विहारात पुढं आणि आजी मागं, असा प्रकार सगळ्या गल्लीनं बघितला. जीवनही पाणी सोडल्यावर त्या दिवशी उशिरा टेकाडावर गेला आणि रतनबाईच्या कोरड्या नळासमोर उभा राहिला. "आज बरी वाट सापडली रे तुला!" रतनबाई म्हणाली. त्यानं पिशवीतून पान्हा काढला.

मग अण्णा आले, चार कार्यकर्त्यांसह, हार घेऊन. हार यशोधरेसाठी होता, पण फोटोत अण्णांच्या हातात जास्त दिसला.

"सांगत नव्हतो? माझ्या फोनचा गुन हाय हा! मी फोन केला नसता तर पोरीचा आजार सापडला असता का?"

जीवननं तोंड उघडलं. अंजलीनं त्याच्या पाठीला चिमटा काढला. आणि खरं सांगायचं तर, बोलण्यासारखं काही नव्हतंच. अण्णांनी इतकी वर्षं इतकी भाषणं केली, पण इतकं तंतोतंत खरं त्यांच्या तोंडून क्वचितच निघालं असेल. फोन केला नसता तर नंबर मधे कुठंतरी, दुपारच्या आत लागला असता. उत्तरेश्वरच्या रागाशिवाय संध्याकाळ झाली नसती.

काही दिवस गेले. पाय संध्याकाळीही यशोधरेचेच राहू लागले. एके दिवशी ती शाळेतून आली, दप्तर टाकलं, गल्लीतल्या पोरींबरोबर पकडापकडी खेळली, आणि घामाघूम होऊन ओट्यावर येऊन बसली. आतून अंजलीनं हाक मारली. "यशे, भांडी घे घासायला. लई पडलीत."

यशोधरेनं मोरीकडे बघितलं. कढई होती. पिठलं करपलेलं पातेलं होतं. तिनं जरा विचार केला. मग उजवा पाय पोटाशी घेतला.

"आजी," ती बारीक आवाजात म्हणाली, "पाऊल वळायलंय."

एवढ्यानं घरात भूकंप झाला. मुक्ताबाई हातातलं टाकून धावत आली. "अगं बया! अंजले, लेकराला भांडी सांगती? काही ध्यान हाय का न्हाई तुला? आजारी पोर हाय ती! तेल आन आधी, तेल!" जीवन अंगणात जाऊन अण्णांना फोन लावू लागला आणि पलीकडून अण्णांचा खणखणीत आवाज आला, "कितवा पायजे या खेपेला, पैला का शेवटचा?"

अंजली तेलाची वाटी घेऊन आली. तिनं पावलाकडे बघितलं. पाऊल सरळ होतं, बोटं मोकळी होती. तिनं लेकीच्या तोंडाकडे बघितलं. मग मोरीकडे जाऊन स्वतःच कढई ओढली.

आजी ओट्यावर मांडी घालून बसली, पाय मांडीवर घेतला आणि कोमट तेलानं चोळू लागली. "लई दुखतंय का गं, माझ्या बाय? सांगायचं असतं. आपल्या मानसापासून काय लपवायचं?"

"आता जरा बरं वाटायलंय," यशोधरा म्हणाली, आणि डावा पायही पुढं केला.